आचारी येतो खानावळ घेऊन!



‘कंटेनर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? हमरस्त्यानं धडधडत न्हावा-शेव्याच्या बंदराकडे निघालेली ती लांबलचक पत्र्याची पेटी, हो ना? आज आपल्याला भेटायचंय ते कंटेनर मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याला चाकं नाहीत, पत्रा नाही. ते आहे चक्क एक प्रोग्रॅम! पण तुम्ही मोबाइलवर निकाल पाहता, रेल्वेचं तिकीट काढता, तेव्हा पलीकडे असं एखादं कंटेनर खपत असण्याची बरीच शक्यता असते.

मागच्या अंकात आपण पाहिलं, की ब्राउझर ‘मला अमुक पान दे’ अशी मागणी दूरच्या संगणकाकडे पाठवतो. त्या दूरच्या संगणकाला म्हणायचं सर्व्हर. बरं, मागणी तर पोचली. पण ती घेतं कोण? एकाच वेळी हजार जणांनी हाका मारल्या तर कुणाकडे आधी पाहायचं, हे ठरवतं कोण? आज आपण तिथंच डोकावू या.

आधी खानावळीत जाऊ

अशी कल्पना करा, की एक खानावळ आहे. आत एक आचारी आहे. त्याला झकास पिठलं-भाकरी करता येते. पण दार उघडणं, गिऱ्हाइकाला बसवणं, ‘काय हवं?’ विचारणं, ताट नेऊन ठेवणं ही कामं आचाऱ्याची नव्हेत. त्यासाठी गल्ल्यावर मॅनेजर आणि हाताखाली वाढपी असतात.

वेब ॲप्लिकेशनमध्ये अगदी असंच असतं. ‘बैठक क्रमांक दिला की निकाल शोधून दे’ हे नेमकं काम करणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो आपला आचारी. जावा या भाषेत त्याला म्हणतात सर्व्हलेट. आणि सर्व्हलेटला आपल्या पोटात ठेवून बाहेरची सगळी उठाठेव करणारा मोठा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हलेट कंटेनर. आपली खानावळ!

पूर्वी अशी सोय नव्हती. १९९३ च्या सुमारास सीजीआय नावाची पद्धत आली. तिच्यात दर मागणीला प्रोग्रॅम नव्यानं सुरू व्हायचा आणि उत्तर देऊन संपायचा. म्हणजे दर गिऱ्हाइकामागे नवा आचारी बोलवायचा, चूल पेटवायची, एक ताट वाढायचं आणि आचाऱ्याला घरी पाठवायचं! पाच गिऱ्हाइकं असतील तर चालेल. पाचशे आली तर? म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनं सर्व्हलेटची कल्पना पुढे आणली. आचारी एकदाच आला की दिवसभर चुलीपाशी उभा!

सन कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन नावाचा प्रोग्रॅमर होता. त्यानं लिहिलेलं कंटेनर १९९९ साली अपाची या संस्थेकडे आलं आणि सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याचं नाव टॉमकॅट, म्हणजे बोका! स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून त्यानं हे नाव निवडलं. संगणकाच्या पुस्तकांवर प्राण्यांची चित्रं छापणाऱ्या ओरायली प्रकाशनाच्या मुखपृष्ठावर कधीतरी बोका झळकावा, अशीही त्याची इच्छा होती. २००३ मध्ये पुस्तक निघालं खरं, पण मुखपृष्ठावर आला हिमबिबट्या! असो. आज जगभरातले असंख्य सर्व्हर याच बोक्याच्या भरवशावर आहेत.

खानावळीचे नियम

खानावळ उघडायची तर आधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात. टॉमकॅटलाही त्या सांगाव्या लागतात. नाही सांगितल्या, तर तो आपल्या मनानं काही आकडे धरून चालतो.

पहिली गोष्ट, दार कुठलं? सर्व्हरच्या दाराला पोर्ट म्हणतात आणि प्रत्येक पोर्टला क्रमांक असतो. साध्या वेब पानांचं ठरलेलं दार ८० नंबरचं. पण युनिक्स जातीच्या संगणकांवर १०२४ च्या खालची दारं उघडायला मुख्य चालकाचा अधिकार लागायचा. म्हणून टॉमकॅट आपणहून ८०८० नंबरचं दार उघडतो. त्यात ८० आहे, लक्षात ठेवायला सोपं!

दुसरी गोष्ट, वाढपी किती? त्यांना थ्रेड म्हणतात. एक वाढपी एका वेळी एकाच गिऱ्हाइकाचं काम करतो. टॉमकॅट आपणहून जास्तीत जास्त २०० वाढपी ठेवतो.

तिसरी, वाढपी मोकळा नसेल तर किती जणांना आत बसवून ठेवायचं? अलीकडच्या आवृत्त्यांत हा आकडा आहे ८१९२. तेवढेही झाले तर दाराबाहेर साधारण १०० जणांची रांग. त्यापुढच्याला मात्र दार बंद दिसतं.

चौथी, एखाद्यानं ‘मी अमुक’ म्हणून नाव सांगितलं आणि मग गप्पच बसला, तर त्याला किती वेळ ओळखीत ठेवायचं? याला सेशन म्हणतात. आपणहून धरलेला वेळ ३० मिनिटं.

आता एक गणित. निकालाचा दिवस आहे. एक निकाल शोधून द्यायला अर्धा सेकंद लागतो. २०० वाढपी असतील तर सेकंदाला किती जणांना निकाल मिळेल? बरोबर, ४००. पण गर्दीमुळे माहितीचं कोठार दमलं आणि तेच काम २ सेकंदांचं झालं, तर? फक्त १००! वाढपी तेवढेच, पण काम चौपट रेंगाळलं. मग आतली जागा भरते, रांग भरते, आणि तुमच्या पडद्यावर ते चाक नुसतं गरगर फिरत राहतं.

‘मग २००० वाढपी ठेवा की!’ असं कुणीतरी म्हणेलच. थांबा. प्रत्येक थ्रेडसाठी संगणकाला साधारण १ एमबी जागा राखून ठेवावी लागते. शिवाय कोठाराच्या खिडक्या किती? जावाच्या जगात आज खूप वापरलं जाणारं स्प्रिंग बूट नावाचं साधन आपणहून फक्त १० खिडक्या ठेवतं. खिडक्या १० आणि वाढपी २०००, म्हणजे १९९० जण खिडकीपुढे नुसते ताटकळणार! म्हणून हे आकडे अंदाजपंचे टाकायचे नसतात. मोजायचे, विचार करायचा आणि मग ठरवायचे.

आणि ठरवलं की लिहून ठेवायचे. पण कुठं लिहायचे? आजचा खरा प्रश्न हाच आहे.

वहीतले नियम

पहिली अनेक वर्षं पद्धत अशी होती. आधी सर्व्हरवर टॉमकॅट बसवायचा, म्हणजे खानावळ तयार करून ठेवायची. तिचे नियम दोन वह्यांत लिहायचे. एक वही टॉमकॅटची, तिच्यात दारं आणि वाढपी. दुसरी वही ॲप्लिकेशनची, तिच्यात ‘ही मागणी आली की त्या आचाऱ्याकडे न्या’ असे नियम. या वह्या म्हणजे एक्सएमएल नावाच्या पद्धतीनं लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फायली. सगळं जय्यत तयार झालं की आचाऱ्यानं येऊन चुलीपाशी उभं राहायचं.

ही पद्धत वाईट होती का? मुळीच नाही. प्रोग्रॅमला हात न लावता नियम बदलता यायचे. पण तिच्यात एक मेख होती. सर्व्हर एक असेल तर ठीक. दहा असतील तर दहा वह्या! एखाद्या रात्री गर्दी वाढली, कुणीतरी घाईघाईनं एका सर्व्हरच्या वहीत २०० चे ३०० केले, आणि ते बाकीच्या नऊ वह्यांत करायचं राहून गेलं. सहा महिन्यांनी तो माणूस दुसऱ्या नोकरीवर गेला. आता ३०० कुणी केले, का केले, कुणालाच ठाऊक नाही!

एक यंत्र सुटलं तर काय होऊ शकतं? एक खरी घटना सांगतो. ती कंटेनरची नाही, पण चूक याच जातीची आहे. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची कंपनी संगणकांच्या मदतीनं शेअर्सचे व्यवहार करायची. २०१२ च्या जुलैअखेरीस तिच्या ८ सर्व्हरांवर नवा प्रोग्रॅम चढवायचा होता. तो ७ सर्व्हरांवर चढला आणि एक राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासलंही नाही. १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना, निकामी प्रोग्रॅम जागा होऊन भराभर सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त फटका बसला! पुढे ती स्वतंत्र राहू शकली नाही, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

नियम प्रोग्रॅममध्येच!

आता दुसरी पद्धत पाहू. तिच्यात खानावळ आधी बांधून ठेवायचीच नाही. आचारी स्वतःच खानावळ घेऊन येतो! म्हणजे टॉमकॅट आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात भरायचा आणि ‘दार हे, वाढपी इतके, आचारी हा, आता सुरू कर’ असं प्रोग्रॅमनंच त्याला सांगायचं.

कल्पना तशी जुनीच. ऑस्ट्रेलियात ग्रेग विल्किन्स यांनी १९९५ साली जेट्टी नावाचा सर्व्हर लिहायला घेतला. इतरांच्या प्रोग्रॅममध्ये अलगद बसावा, ही त्याची पहिल्यापासूनची खासियत. डिसेंबर २००९ मध्ये सर्व्हलेटच्या नियमांची ३.० ही आवृत्ती आली, आणि वहीत नोंद न करता प्रोग्रॅममधूनच आचाऱ्याची नेमणूक करण्याची अधिकृत सोय झाली. टॉमकॅटच्या ७ व्या आवृत्तीत पोटात भरण्याजोगा सुटसुटीत टॉमकॅट मिळाला. आणि एप्रिल २०१४ मध्ये स्प्रिंग बूटची १.० आवृत्ती आली, तेव्हापासून तर ही रीतच पडून गेली.

प्रोग्रॅम दिसतो कसा? खरा प्रोग्रॅम रोमन लिपीत असतो. तुमच्यासाठी तो इथं नागरीत लिहितो:

टॉमकॅट खानावळ = न्यू टॉमकॅट();
खानावळ.सेटपोर्ट(८०८०);
खानावळ.गेटकनेक्टर().सेटप्रॉपर्टी("मॅक्सथ्रेड्स", "२००");
कॉन्टेक्स्ट दालन = खानावळ.ॲडकॉन्टेक्स्ट("", नल);
दालन.सेटसेशनटाइमआउट(३०);
खानावळ.स्टार्ट();

घाबरू नका, सोपं आहे. पहिल्या ओळीत नवी खानावळ घेतली. दुसरीत दाराचा क्रमांक सांगितला. तिसरीत दारावरच्या कनेक्टरला, म्हणजे गल्ल्यावरच्या मॅनेजरला, जास्तीत जास्त किती वाढपी ते सांगितलं. चौथीत आत एक दालन मांडलं. पाचवीत ओळख किती मिनिटं ठेवायची ते, आणि सहावीत ‘कर सुरू!’ आचाऱ्याची नेमणूक करायला आणखी दोन ओळी लागतात, एवढंच. आणि एक गंमत सांगू? ‘खानावळ’, ‘दालन’ ही आपण ठेवलेली नावं जावाच्या खऱ्या प्रोग्रॅममध्येसुद्धा देवनागरीत चालतात! आकडे मात्र इंग्रजीच लागतात.

यानं झालं काय? एक म्हणजे, प्रोग्रॅम जिथं जाईल तिथं त्याचे नियम बरोबर जातात. दहा सर्व्हर असोत की शंभर, सगळीकडे हेच नियम. दुसरं म्हणजे, प्रोग्रॅमच्या प्रत्येक बदलाची नोंद गिटसारख्या साधनात राहते. २०० चे ३०० कुणी केले, कुठल्या तारखेला आणि का, हे दहा वर्षांनीही उघडून पाहता येतं. तिसरं म्हणजे, खानावळीची रंगीत तालीम करता येते. दाराचा क्रमांक ० दिला, की ‘जे दार रिकामं असेल ते दे’ असा अर्थ होतो. मग परीक्षा घेणारा प्रोग्रॅम काही सेकंदांत खानावळ उघडतो, एक ताट मागवतो, चव पाहतो आणि खानावळ बंद करून टाकतो. खऱ्या गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही!

न मागता उघडलेलं दार

याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो फार मोलाचा.

मघाशी म्हटलं, की आपण काही सांगितलं नाही तर टॉमकॅट आपल्या मनानं आकडे धरतो. पूर्वी तयार मिळणाऱ्या टॉमकॅटच्या वहीत ८०८० बरोबर आणखी एक दार उघडं असायचं, ८००९ नंबरचं. ते पाहुण्यांसाठी नव्हतं. पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या वेब सर्व्हरनं आपल्या मागण्या आत आणून द्यायच्या, त्यासाठी ते मागचं दार. पुष्कळांना त्याची गरजच नसायची. पण वहीत आधीपासून ती ओळ होती, म्हणून दार उघडं. कुणी उघडलं नाही आणि कुणी बंदही केलं नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झालं, की ज्याला या दारापर्यंत पोचता येईल, त्याला ॲप्लिकेशनच्या आतल्या फायली वाचता येतात. आतल्या फायलींत कधी कधी पासवर्डही असतात! चिनी तज्ज्ञांनी शोधलेल्या या दोषाला नाव मिळालं घोस्टकॅट, म्हणजे भुताचं मांजर! टॉमकॅटवाल्यांनी लगेच दुरुस्ती केली, आणि ९.०.३१ या आवृत्तीपासून ते दार आपणहून उघडायचं बंद झालं.

आता आपल्या त्या सहा ओळी पुन्हा पाहा. त्यांत ८००९ कुठं आहे? नाहीच! जे दार आपण लिहिलं तेच उघडलं. कुणाला मागचं दार हवंच असेल तर त्यानं ते प्रोग्रॅममध्ये लिहायला हवं. मग प्रोग्रॅम तपासणाऱ्याच्या नजरेला ते पडतं आणि तो विचारतो, ‘का रे, हे कशाला?’ खरं सांगायचं तर नियम प्रोग्रॅममध्ये लिहिण्याचं सगळं मर्म या एका प्रश्नात आहे. जे लिहिलेलं असतं त्याबद्दल विचारता येतं. जे नुसतं ‘तसंच चालत आलंय’, त्याबद्दल विचारायचं सुचतच नाही.

पण जपून!

म्हणजे सगळंच प्रोग्रॅममध्ये कोंबायचं का? नाही हं!

पासवर्ड प्रोग्रॅममध्ये कधीही लिहायचा नाही. प्रोग्रॅम पुष्कळ जण वाचतात, आणि गिट तर जुनं काही विसरतच नाही. एकदा लिहिलेला पासवर्ड नंतर पुसला तरी जुन्या नोंदीत सापडतो. तसंच, जे जागेप्रमाणे बदलतं तेही बाहेरच बरं. घरच्या संगणकावर २० वाढपी पुरतील, मोठ्या सर्व्हरवर ४०० लागतील. तेव्हा प्रोग्रॅममध्ये लिहायचं, ‘वाढप्यांचा आकडा बाहेरून विचारून घे, नाही मिळाला तर २०० धर’.

आणखी एक भ्रम नको. प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर ‘सेटपोर्ट’चं ‘सेटपोट’ झालं तर लगेच ओरडतो. पण ८०८० ऐवजी चुकून ८०८ लिहिलं तर? तो गप्प! त्याला तोही एक आकडाच. तिसऱ्या ओळीत ‘मॅक्सथ्रेड्स’ अवतरणचिन्हांत आहे, पाहा. अवतरणचिन्हांच्या आतल्या शब्दाचं शुद्धलेखनही कंपायलर तपासत नाही. म्हणजे तो शब्दाची चूक पकडेल, विचाराची नाही. विचार आपणच करायचा!

करून पाहा

आता तुमच्यासाठी काम. एका कागदावर चहा करायच्या सूचना लिहा. काहीही गृहीत धरू नका. कप किती, पाणी किती, साखर किती, गॅस कधी बंद करायचा, सगळं लिहा. मग तो कागद ताईला किंवा दादाला द्या आणि सांगा, ‘जे लिहिलंय तेवढंच कर, मनाचं काही करू नकोस’. मोठं कुणीतरी जवळ असतानाच हा प्रयोग करायचा, बरं का! दूध घालायचं लिहायला विसरलात, तर कोरा चहा मिळेल. जे राहिलं ते कागदावर लिहा आणि पुन्हा करा. तिसऱ्या खेपेला तो कागद कुणाच्याही हाती दिला तरी तोच चहा मिळेल. तुमचा पहिला प्रोग्रॅम तयार!

आईबाबांसाठीही एक काम आहे. घरात इंटरनेटचा राउटर असेल, तर त्याच्या आतल्या सेटिंगला पासवर्ड असतो. तो विकत आणताना होता तोच आहे का, हे आज मुलांना घेऊन पाहा. तोच असेल तर बदला, आणि नवा पासवर्ड घरात सुरक्षित जागी लिहून ठेवा. न मागता उघडी राहिलेली दारं नुसत्या मोठमोठ्या सर्व्हरांनाच असतात असं थोडंच आहे?

पुढच्या आठवड्यात आपण खानावळीच्या मागच्या कोठारात शिरणार आहोत. लाखो नावांतून तुमचं एकच नाव डेटाबेस क्षणात कसं शोधतो? तोवर विचार करून ठेवा, शब्दकोशात एखादा शब्द शोधताना तुम्ही पहिल्या पानापासून का सुरुवात करत नाही?